रेघेच्या आत काही लावायचं नाही

...अन् वर मलाच म्हणतात, "तू मायक्रोबायोलॉजी केलंस ना?"

केलं! बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, फर्स्ट क्लास! सर्टिफिकेट आहे, लॅमिनेट केलेलं, माहेरी शोकेसमध्ये स्टीलच्या हत्तीशेजारी उभं आहे. पण तुम्हाला सांगते, पोरीच्या कमरेवर पुरळ उठलं ना, की त्या सर्टिफिकेटचा एकच उपयोग... वारा घालायचा! लॅमिनेशन असल्यामुळे वारा मात्र झक्कास लागतो.

थांबा, आधी माणसं सांगते, नाहीतर माझ्यासारखा तुमचाही गोंधळ व्हायचा. घरात आम्ही चौघं. अंतरा, माझी पोरगी, नुकतीच एक वर्षाची झालेली, दात दोन, किंचाळ्या अगणित. माझ्या सासूबाई, बेबीनंदाबाई. नावावर जाऊ नका, नाव बेबी असलं तरी अख्खी गल्ली त्यांना वचकून असते. आमचे हे, अपूर्व, स्टील कारखान्यात इंजिनिअर, अन् इंजिनिअर म्हणजे कसे, चहात साखर कमी पडली तरी म्हणणार, "लॉजिकली बघ यशश्री..." मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच्या मागून गाडी काढणारा माणूस! कारखान्याच्या ऑफिसला दर शनिवारी लिंबू-मिरची-बिब्बा बांधतात ना, त्यावर ह्यांचं भाषण ठरलेलं. "विसाव्या शतकात ठीक होतं यार, आता काय?" अन् चौथी मी. यशश्री. फर्स्ट क्लास.

तर झालं असं, की अंतूचं जावळ ठरलं. राजूरच्या गणपतीला, चतुर्थीला. जीप सांगून झाली, पंगतीचं सांगून झालं, मामाच्या मांडीवर बसवतात म्हणून माझा भाऊ बदनापूरहून सुट्टी टाकून येणार, पाहुण्यांना फोन झाले... अन् तेवढ्यात अंघोळ घालताना मला दिसलं. डाव्या कमरेला, करदोड्याच्या खाली, एक लाल चट्टा. बारीक बारीक पाणी भरलेले फोड, मोहरीएवढे. अन् पोरगी खाजवतेय, खाजवतेय...

आता करदोड्याचं ऐका, कारण सगळं रामायण तिथं आहे. करदोडा काळा, साधा, बारशाला बांधलेला. पण वाढदिवसानंतर एक दिवस बघते तर त्याला एक पुडी! कापडाची, नखाएवढी, आत काहीतरी टणक, शिवण अशी वेडीवाकडी की उसवलेली म्हणावी का शिवलेली तेच कळेना. मी मनात म्हटलं, हं! सासूबाईंनी बांधली. काय असेल ते असेल, अंगारा, धुपारा, गावाकडची माती... आपण कशाला बोला? एवढं सगळं चांगलं चाललंय, आज पुडीवर बोलले तर उद्या माझ्या भाकरीवर बोलणं होईल. मी काही बोलले नाही. उलट अंघोळ झाली की टॉवेलानं ती पुडी नीट कोरडी करत होते! सुशिक्षित सून असावी तर अशी.

बरं, तर पुरळ. सासूबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, बघितलं अन् म्हणाल्या, "घामोळं हाय. उन्हाळा काय कमी हाय का जालन्याचा? अन् तू परवा वांग्याची भाजी खाल्ल्ती."

"मी खाल्ली होती आई, तिनं नाही."

"पिती न्हाई का तुझं?"

झालं! म्हणजे वांगं खाल्लं मी, घामोळं तिला. कडुलिंबाचा पाला आला, वाटला, लावला. हळद लावली. पोरगी हिरवी-पिवळी झाली. संध्याकाळी खोबरेल लावलं, कारण पाला वाळून तडतडत होता. मला वाटत होतं की थांबावं, एखाद्या डॉक्टरला दाखवावं, पण तेवढ्यासाठी डॉक्टर? लोक काय म्हणतील, पहिलटकरीण आहे, शिंक आली की दवाखाना! म्हणून मी आपलं शिकलेल्या बाईनं करायचं ते केलं. मोबाइल उघडला.

करू नका! तुम्हाला हात जोडून सांगते, मोबाइलवर पुरळ शोधू नका! पहिल्या पानावर घामोळं, दुसऱ्या पानावर गजकर्ण, तिसऱ्या पानावर असा एक आजार की जो म्हणे फक्त ब्राझीलच्या जंगलात होतो, अन् तुम्हाला सांगते, फोटो अगदी बराबर जुळत होता! मी ह्यांना विचारलं, "अहो, आपण ब्राझीलच्या कुणाला भेटलो नाही ना?" हे म्हणाले, "लॉजिकली बघ यशश्री, आपण औरंगाबादच्या पुढं गेलो नाही." अन् एवढं बोलून उठून गॅलरीत गेले. तेव्हा मला वाटलं, फोन आला असेल.

मग खालच्या मजल्यावरची भावना. भावना म्हणजे आमच्या बिल्डिंगचं सरकारी रुग्णालय. वर आली, बघितलं अन् म्हणाली, "अगं एवढंच ना? माझ्याकडं ट्यूब आहे!" कसली ट्यूब? तर सगळ्याची! खाजेची, गजकर्णाची, मुरुमाची, डास चावल्याची, तिच्या सासऱ्यांच्या टाचेची... अशी ट्यूब आपल्याकडं घराघरात असते बघा, शेपटाकडून गुंडाळत आणलेली, वरचं नाव पुसलेलं, मेडिकलवाल्यानं कधीतरी विनाचिठ्ठीची दिलेली. मी म्हटलं, "अगं, यात स्टेरॉइड असेल." ती म्हणाली, "असेल ना, म्हणूनच तर गुण येतो!"

लावली. अन् गुण आला हो! दोन दिवस चट्टा असा फिकट, अशी पोरगी शांत, की मी भावनाला आंब्याचं लोणचं नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी बघते तर... अगं माय! चट्टा दुप्पट! फोड फुटलेले, त्यातून पाणी झिरपतंय, अन् त्यावर खपल्या. पिवळ्या. सोनेरी. मध सांडून वाळावा ना, तशा. अन् तसलाच एक ठिपका नाकाखाली! कारण बाईसाहेब इथं खाजवणार अन् तेच बोट नाकात घालणार. अन् टॉवेल तर आम्हा सगळ्यांचा एकच, दांडीवरचा, निळा.

मी लोणच्याची बरणी परत मागणार होते.

पण खरी गंमत पुढंच आहे. ती सोनेरी खपली बघून मला राहून राहून वाटायला लागलं, की हा रंग आपण कुठंतरी बघितलाय. कुठं बरं? साडी? नाही. भिंत? नाही. कॉलेज! दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल! काचेच्या बशीत आम्ही जंतू वाढवायचो, सोनेरी पिवळे गोल गोल ठिपके, मॅडम म्हणायच्या, "मुलींनो, सोनेरी दिसला की ओळखायचा, हा त्वचेवर बसतो, जखम मिळाली की आत शिरतो." मी वहीत त्याचं चित्र काढलं होतं, रंगीत पेन्सिलीनं, त्याला 'छान' असा शेरा होता! अन् तोच जंतू माझ्या पोरीच्या कमरेवर मांडी घालून बसला तर मी त्याला हळद लावतेय! बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, फर्स्ट क्लास!

पण खात्री आहे का मला? नाही! तीच तर बोंब आहे. शिकलेल्या माणसाला खात्री कधीच नसते. खात्री होती सासूबाईंना. त्यांनी पुन्हा चष्मा खाली घेतला, बघितलं अन् दोन पावलं मागं सरकल्या.

"नागीण हाय."

"आई..."

"नागीण हाय! कमरेला हाय, एकाच अंगाला हाय, फोडं हायत, आग हून राह्यली. अजून काय पायजे? फणा काढून दाखवू का?"

मी पदर खोचून शास्त्र सांगायला उभी राहिले. म्हटलं, "आई, नागीण म्हणजे आधी कांजिण्या झालेल्या असतात, त्याचा विषाणू अंगात राहतो, तो पुढं कधीतरी वर येतो. अंतूला कांजिण्या झाल्याच नाहीत. एवढ्या लहान लेकराला नागीण सहसा होत नाही."

"सहसा?"

"सहसा."

"म्हंजे होती."

"...क्वचित."

"म्हंजे होती!"

सांगा, खोटं बोलता आलं असतं तर जिंकले असते की नाही?

त्यांचे चुलतभाऊ कडूबामामा नागीण उतरवतात. काही फार नाही करत, गेरू कालवतात अन् फोडांच्या भोवतीनं एक रेघ ओढतात, गोल, त्याला कुंडलं म्हणतात. नागिणीचं तोंड अन् शेपूट कमरेभोवती मिळालं की माणूस गेला म्हणतात, रेघ असली की नागीण आतच अडते. गेरूनं काही होत नसेल, मला मान्य आहे, पण वरून ते राखही भुरभुरतात, अन् उघड्या जखमेवर राख म्हणजे जंतूंना आवतणच! सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळीच जाऊ. चतुर्थी तोंडावर आली, वस्तरा लावायचाय लेकराच्या डोक्याला. कडूबाला फोन केल्ता मी, तो म्हनला जल्दी आना."

मी पोरीला उचललं. अन् उचललं तर काय... अंग कोमट. म्हणजे ताप म्हणावा असा नाही, पण कोमट. चट्ट्याच्या भोवतीची कातडी लाल, टणक, हात लावला तर गरम लागतेय. अन् जी पोरगी घरभर किंचाळते ती माझ्या खांद्यावर गप्प! तुम्हाला सांगते, ती किंचाळायची तेव्हा मी देवाला म्हणायचे की हिला पाच मिनिटं गप्प कर. त्या पाच मिनिटांत मला त्या देवाचा असा राग आला...! नको मला तुझं गप्प करणं. घे परत.

अन् मग मी बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा, सासूबाईंकडं न बघता, खिडकीकडं बघून बोलले, पण बोलले. "आई, उद्या कुठंही जाऊ. आत्ता डॉक्टरकडं." वाटलं, आता काय स्फोट होतोय. सासूबाई पोरीच्या कपाळाला हात लावून उभ्या. मग म्हणाल्या, "मंग उभी काय राह्यली? चप्पल घाल की!" अन् स्वतः पुढं! अन् हे? ह्यांनी गाडी काढलेलीही होती. एवढी तत्परता मी लग्नातही पाहिली नव्हती.

डॉक्टर शैला मॅडम. कातडीच्या डॉक्टर, दिसायला बारीक, आवाज हेडमास्तरणीचा. त्यांनी पोरीला बघितलं, मला बघितलं अन् पहिला प्रश्न टाकला, "काय काय लावलं?"

बघा, हा प्रश्न असा आहे की कोर्टात विचारला तर माणूस वकील मागेल. मी म्हटलं, "विशेष काही नाही."

"म्हणजे काय काय?"

"हळद."

"अजून?"

"कडुलिंबाचा पाला... खोबरेल..." मॅडम बघतायत. "...एक ट्यूब."

"कुणाची?"

"भावनाची."

"अन् मी एकडाव थुका लावला," सासूबाई म्हणाल्या. "सकाळचा. उपाशीपोटीचा."

मी सासूबाईंकडं बघितलं. हे मला नवीन होतं.

"बरं, शिक्षण काय तुमचं?" मॅडमनी मला विचारलं. अन् मी काही बोलायच्या आत सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "बी.एस्सी. हाय! मायक्रो! फर्स्ट क्लास!"

जमीन दुभंगते म्हणतात, कुठं दुभंगते? गरज असते तेव्हा टाइल्स असतात.

मग मॅडमनी करदोडा वर उचलला. पुडी दिसली. चिमट्यानं धरून त्यांनी ती चट्ट्यावर ठेवली... तर तुम्हाला सांगते, चट्ट्याची सुरुवात बराबर पुडीच्या खालून! शिक्का उमटावा तसा. मॅडमनी कात्रीनं करदोडा कापला, पुडी उसवली, म्हणजे उसवायची गरजच नव्हती, नुसती हलवली... अन् आतून काय पडलं? बिब्बा! काळा, चपटा, सुईनं भोसकलेला, अंघोळीच्या पाण्यानं भिजून भिजून तेल सोडलेला! बिब्ब्याचं तेल म्हणजे काय आग, मोठ्या माणसाचं कातडं उततं, अन् हिचं तर साय! अन् मी रोज ती पुडी टॉवेलानं दाबून दाबून कोरडी करत होते! म्हणजे तेल राहिलंच असेल थोडं आत तर तेही पिळून काढत होते!

"कुणी बांधलं हे?" हेडमास्तरणीचा आवाज.

मी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"मला वाटलं तुम्ही..." मी म्हटलं.

"मी? अगं मला वाटलं तू! तुझ्या माहेरचं काही आसंल. मी म्हनलं, जाऊ दे, शिकेल पोरगी हाय, लपूनछपून बांधलं तर बांधू दे, आपुन कशाला बोला? वाढदिवसापून बघून राह्यले मी, पन एक शब्द बोल्ले का?"

"मी पण नाही बोलले!"

"अन् शिवन बघून तर मी पक्कीच म्हनले, की हीच. तुला शिवता कुठं येतं?"

म्हणजे बघा! इतके दिवस दोन बायका एकमेकींचा मान राखून गप्प, अन् तो बिब्बा आमच्या दोघींच्या मानाच्या मधे बसून पोरीला भाजतोय! अन् तेवढ्यात माझी नजर त्या पुडीच्या कापडावर गेली. राखाडी. बारीक चौकडा. म्हटलं, हे कापड आपण कुठंतरी बघितलंय. वर बघते तर समोर भिंतीवर लसीकरणाचा तक्ता, अन् तक्त्याकडं तोंड करून, जणू काही उद्या परीक्षा आहे असा तो पाठ करत, आमचे हे उभे. आम्हाला पाठमोरे. अन् पँट कोणती? राखाडी. बारीक चौकडा. शिंप्यानं उरलेलं कापड परत दिलं होतं ते.

"अहो."

"गोवर-रुबेला नऊ महिन्यांनी असतो नाही?" हे तक्त्याला म्हणाले.

"अपू!" सासूबाई म्हणाल्या. फक्त एवढंच. कारखान्याचा भोंगा परवडला.

मग बाहेर आलं सगळं. वाढदिवसाचा फोटो ह्यांनी स्टेटसला टाकला, त्यावर कुणी तरी लिहिलं, 'दृष्ट लागण्यासारखी पोरगी', अन् त्याच संध्याकाळी अंतूला पडसं झालं. झालं! शनिवारी ऑफिसला लिंबू-मिरची बांधायला येतो ना तो भिवा, ज्याला हे दर आठवड्याला विसाव्या शतकाचं भाषण देतात, त्याच्याकडून सुटा एक बिब्बा घेतला, अन् स्वतः सुई-दोरा घेऊन शिवला! म्हणाले, "लॉजिकली बघा मॅडम, त्यात काही नसलं तर काही नुकसान नाही. अन् असलं तर..." चेहरा असा पडला होता की मला रागवायचं होतं ते जमलंच नाही. पोरीच्या पायाचा अंगठा धरून उभे होते. मी विचार करत होते, हा माणूस मला ब्राझीलवरून हसला होता!

मॅडम म्हणाल्या, "नुकसान हे बघा." अन् मग त्यांनी नीट समजावलं, अन् हे मात्र मी तुम्हालाही सांगते, कारण तुमच्याही घरात भावनाची ट्यूब असणार. बिब्ब्यानं आधी कातडी भाजली, त्वचेला दाह झाला, तो काही जंतूंचा नव्हे. तो आपोआपच बसला असता. पण पोरीनं खाजवलं, आपण पाला-हळद चोळली, ट्यूबमधल्या स्टेरॉइडनं दोन दिवस लाली झाकली अन् आतून कातडीची ताकद घालवली, मग उघड्या जागेत जंतू शिरले. मधासारखी खपली दिसली की ओळखायचं, हे जंतूंचं काम. ते बोटाबोटानं नाकाखाली गेलं, टॉवेलानं घरभर जाईल. अन् आता ते थोडं खोलही चाललंय, भोवतीनं लाल, गरम, टणक होतंय, अंग कोमट आहे, म्हणून नुसतं मलम पुरणार नाही, पोटात औषध द्यावं लागेल. अन् बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचं नाही, बाटलीचा कोर्स पूर्ण करायचा. कोमट पाण्यानं खपली भिजवून अलगद काढायची, मलम लावायचं, नखं कापायची, हात धुवायचे, तिचा टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात. "अन् यापलीकडं अंगाला काही, काहीही, लावायचं नाही."

"जावळ हाय ओ चतुर्थीला," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"खपल्या असताना वस्तरा नाही. आठवड्याभरात दाखवा, मग सांगते." अन् असं म्हणून मॅडमनी टेबलावरचा निळा पेन उचलला, अन् काय केलं सांगू? लालीच्या कडेकडेनं, पोरीच्या कमरेवर, एक रेघ ओढली. गोल. पूर्ण!

सासूबाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठला.

"यशश्री! कुंडलं केलं! डाक्टरीन बाईला नागीण उतरवायला येती!"

मी म्हटलं, "आई, तसं नाही, ते लाली किती पसरते ते कळावं म्हणून..." पण माझं कोण ऐकतंय! त्यांनी सरळ मॅडमना विचारलं, "बाई, तोंड अन् शेपूट मिळू द्यायचं न्हाई ना?"

मॅडमनी माझ्याकडं एक नजर टाकली. बाहेर पेशंटची रांग. अन् त्या शांतपणे म्हणाल्या, "लाली ह्या रेघेच्या बाहेर जाता कामा नये. गेली, ताप चढला, पोरगी मलूल वाटली, तर दिवस असो रात्र असो, लगेच आणायचं. अन् रेघेच्या आत मी दिलेल्या औषधाशिवाय काही लावायचं नाही."

"बिलकुल न्हाई!" सासूबाई म्हणाल्या. "रेघेचा नेम मला म्हाईत हाय."

अन् तुम्हाला सांगते, त्या रेघेनं जे केलं ते माझ्या पदवीला सात जन्मांत जमलं नसतं! भावना लोणच्याची रिकामी बरणी अन् नवीन ट्यूब घेऊन वर आली तर सासूबाई दारात. "रेघ ओढेल हाय. हात लावायचा न्हाई." भावना पायरीवरूनच परत! कडूबामामांचा फोन आला, तर त्यांना म्हणाल्या, "नको रे बाबा, इथं शिकेल बाई भेटली, निळ्या गेरूची." निळा टॉवेल दांडीवरून गेला, प्रत्येकाचा वेगळा आला. नखं त्यांनीच कापली. दोन दिवसांत पोरगी परत किंचाळायला लागली, अन् हे म्हणाले, "आता बरी दिसतेय, औषध बंद करूया का, लॉजिकली..." त्यांचं वाक्य सासूबाईंनी पूर्णच होऊ दिलं नाही. "तू पँट शिव!" म्हणाल्या. बस्स, घरात आता कुठल्याही वादाला एवढं उत्तर पुरतं.

अन् मी? मी रोज सकाळी अंघोळीनंतर रेघेचा फोटो काढत होते. लाली रेघेच्या बाहेर नाही, आज पण नाही, आज पण नाही... मनात म्हणत होते, बघा, हे खरं निरीक्षण, ही खरी शास्त्रीय पद्धत, आता कुठं फर्स्ट क्लासचं चीज झालं! मग एका सकाळी डोक्यात प्रकाश पडला. रोज अंघोळ होतेय, रोज साबण लागतोय... तर पेनची रेघ एवढी ठसठशीत कशी?

"आई, ही रेघ पुसली कशी नाही?"

"पुसती की. मंग मी गिरवते."

माझ्या हातातला मोबाइल पडला. "गिरवता? कशावरून गिरवता?"

"लालीच्या कडंकडंनं. रोज. नेम हाय त्यो!"

म्हणजे लाली जिथं जाईल तिथं रेघ! मग ती बाहेर जाणार कशी? बापाच्या जन्मात जाणार नाही! चंद्रावर गेली असती तरी सासूबाई मागून पेन घेऊन गेल्या असत्या! अन् मी सुखात फोटो काढतेय! पसरलं असेल तर? मला कळलंच नसेल तर? कसली आई मी? सगळे फोटो एकाखाली एक लावले... अन् बघते तर काय, पहिल्या दिवशीची रेघ पुरणपोळीएवढी. मग पुरीएवढी. मग बिस्किटाएवढी. अन् आजची, कपाळावरच्या टिकलीएवढी! लाली आत आत सरकत होती अन् सासूबाई प्रामाणिकपणे तिच्या मागं मागं रेघ आत आत आणत होत्या!

आठवड्यानं दाखवायला गेलो, तर फोटो बघून मॅडम इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले. म्हणाल्या, "इतकी चांगली नोंद माझ्याकडं कुणी ठेवत नाही." सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ऐकलं का फर्स्ट क्लास?" ऐकलं. न ऐकून सांगते कुणाला?

तर जावळ झालं. त्या चतुर्थीला नाही, पुढच्या. जीपवाल्याला परत सांगितलं, भावानं परत सुट्टी काढली. न्हाव्याला सासूबाईंनी नवं पातं लावायला लावलं, वस्तरा गरम पाण्यातून काढायला लावला, अन् "हात धुतले का?" असं तीनदा विचारलं. कमरेवर एक फिकट डाग राहिलाय फक्त, तोही जाईल म्हणतात. अन् गोटा केलेली माझी पोरगी, लाल फ्रॉक, दोन दात, मामाच्या मांडीवर... काय दिसत होती सांगू! येणारी-जाणारी प्रत्येक बाई गाल ओढत होती, "अगं माय, किती गोड, दृष्ट लागंल गं!"

दृष्ट लागंल. तो शब्द आला अन् मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आभाळाकडं. सासूबाई गणपतीकडं.

माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही. आधीच सांगते. शिवाय मॅडमनी बजावलंय, अंगाला काही लावायचं नाही, अन् मॅडमचा शब्द मी मोडणार नाही. म्हणून मी पोरीला जरा बाजूला नेलं, पर्समधली काजळाची डबी काढली, अन् म्हटलं, अंगाला नाही ना, तीट फ्रॉकला लावू. आतून. झालरीच्या खाली. कुणाला दिसत पण नाही, कुणाचं काही जात पण नाही, लॉजिकली...

झालर उलटली. तर तिथं आधीच दोन. एक गोल, गरगरीत, वर्षानुवर्षांच्या सरावाच्या हाताची. अन् शेजारी एक वेडीवाकडी, बॉलपेनची.

मी तिसरी लावली, झालर सरळ केली, अन् पंगतीला जाऊन बसले. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. फर्स्ट क्लास.